अर्ली डिसिजन आणि ‘पुढचं पुढे बघू’

निफाड तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी नाशिकला बारावी सायन्सला आहे, घरची द्राक्षबाग आहे आणि तिला अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात द्राक्षशेती शिकायची आहे. सल्लागार म्हणतात, ‘अर्ली डिसिजनने अर्ज करा, शक्यता दुपटीने वाढते.’ पण त्यात म्हणे बॉण्ड असतो, प्रवेश मिळाला की जावंच लागतं. ताई लिहितात, ‘आम्ही वर्षाला २५ लाखांपर्यंत करू शकतो, बाकीचं पुढचं पुढे बघू. असा अर्ज करावा का?’

ताई, १६ वर्षं मी पुण्यात बसून मुलांचे परदेशी अर्ज बघते आहे. अर्ली डिसिजनमध्ये ज्या घरांचं फसलं, त्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरात ‘पुढचं पुढे बघू’ हे वाक्य कोणीतरी बोललेलं होतं. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं शेवटचं टोक मी आधी धरणार आहे.

पण थोडक्यात पद्धत सांगते. अर्ली डिसिजन, म्हणजे ईडी (आपल्याकडे हा शब्द ऐकून माणूस दचकतो, पण ही ईडी वेगळी). एकाच कॉलेजला, बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरपर्यंत, अर्ज करायचा. निकाल डिसेंबरच्या मध्याला लागतो. प्रवेश मिळाला तर बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे आणि तिथेच जायचं. नेहमीच्या फेरीत जानेवारीच्या सुरुवातीला अर्ज, मार्चअखेर निकाल आणि १ मेपर्यंत चार कॉलेजांचे आकडे समोर ठेवून ठरवायची मुभा असते. ईडीत ही मुभा तुम्ही सोडून देता. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांच्याकडे लवकरची फेरी आहे, पण तिथे मिळालं तरी जायचं बंधन नाही. कॉर्नेल, ब्राउन, डार्टमाउथ, कोलंबिया, पेन (म्हणजे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ), ड्यूक, नॉर्थवेस्टर्न यांच्याकडे बंधन आहे. मैत्रिणीच्या मुलाने ‘अर्ली’ केलं होतं असं कोणी सांगितलं, तर त्यातलं नेमकं काय केलं होतं ते विचारा.

बॉण्ड म्हणाल तर तसा नाही. कॉमन ॲपवर, म्हणजे एकाच जागेवरून अनेक अमेरिकन कॉलेजांना अर्ज करायच्या संकेतस्थळावर, एक करारपत्र असतं आणि त्यावर तिघांच्या सह्या लागतात: मुलीची, पालकाची आणि शाळेच्या समुपदेशकाची. मोडलात म्हणून अमेरिकेतून कोणी नोटीस पाठवणार नाही. पण तिसरी सही मुलीच्या इथल्या ज्युनियर कॉलेजची असते आणि शब्द मोडला की त्याची झळ मागून येणाऱ्या मुलांना लागू शकते. न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठाने मध्यंतरी, ईडीत प्रवेश घेऊन विद्यार्थी फिरला म्हणून काही शाळांच्या पुढच्या विद्यार्थ्यांना वर्षभर ईडीच बंद केली. मुलाने केलं आणि शाळेने भोगलं.

करारपत्रात एक दार मात्र उघडं ठेवलेलं आहे. आर्थिक मदतीसाठी अर्ज केलेला असेल आणि मिळालेल्या मदतीत जाणं शक्य होत नसेल, तर नकार देता येतो. पैशाचं खरं कारण दाखवून सुटलेल्या मुलावर कोणी डूख धरत नाही. मात्र हे दार फक्त मदत मागणाऱ्याला आहे. अर्जातल्या ‘आर्थिक मदत हवी का’ या प्रश्नाला ‘नाही’ लिहून नंतर ‘झेपत नाही’ म्हणालात, तर तुमच्या हातात काही उरत नाही. आणि बहुतेक कॉलेजांत परदेशी विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नाही, तर पुढच्या चार वर्षांतही ती मागता येत नाही. ‘आधी नाही म्हणून आत शिरू, मग दुसऱ्या वर्षी मागू’ हा सल्ला मी स्वतःच्या कानांनी ऐकला आहे. तो देणाऱ्याने फी घेतली होती, एवढंच सांगते.

आता दुपटीचं गणित. कॉर्नेलचा एकूण प्रवेशाचा दर अलीकडे ८ टक्क्यांच्या आसपास असतो आणि ईडीचा त्याच्या दुपटीहून जास्त, हे खरं आहे. पण ईडीच्या रांगेत उभं कोण असतं? प्रशिक्षकांनी आधीच हेरून ठेवलेले खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं, खर्चाची चिंता नसलेल्या घरातली मुलं. यातल्या बऱ्याच जणांचं पारडं अर्ज करायच्या आधीच जड असतं. त्यांना बाजूला काढलं तर उरलेल्यांसाठी तो आकडा बराच खाली येतो. फायदा राहतो, दुप्पट राहत नाही. कॉलेजला ईडी आवडते त्याचं कारण साधं आहे. प्रवेश दिलेल्यांपैकी किती येतील याचा अंदाज बांधत बसावं लागत नाही, डिसेंबरातच खुर्च्या भरतात. पेनसारखी विद्यापीठं जवळजवळ निम्मा वर्ग या फेरीत भरतात. सधन घरांनाच ही पद्धत सोयीची आहे असं कारण देऊन हार्वर्ड आणि प्रिन्स्टन यांनी २००६ मध्ये आपापल्या लवकरच्या फेऱ्या बंद केल्या होत्या. २०११ मध्ये दोघांनीही त्या पुन्हा सुरू केल्या. स्पर्धेत एकटं थांबणं त्यांनाही परवडलं नाही.

पैशाकडे येते. राहणं, जेवण, विमा सगळं धरून कॉर्नेलचा वर्षाचा खर्च ९० हजार डॉलरच्या वर जातो. तुमचे २५ लाख म्हणजे डॉलर ९० रुपये धरला तर साधारण २८ हजार डॉलर. वर्षाला ६० हजार डॉलरहून मोठी तूट आहे, चार वर्षांची अडीच लाख डॉलरच्या आसपास. शिवाय डॉलर जागेवर थांबत नाही. २०२१ मध्ये तो ७४ रुपयांच्या आसपास होता, २०२५ संपताना नव्वदीच्या घरात. तुमचे २५ लाख तेवढेच राहिले तरी डॉलरमध्ये ते दरवर्षी झिजणार. ‘पुढचं पुढे’ म्हणताना ही तूट तुमच्या डोळ्यांसमोर होती का? कर्ज काढू म्हणत असाल तर बँक काय तारण मागेल आणि पदवीनंतर मुलीच्या डोक्यावर काय राहील, हे ऑक्टोबरातच कागदावर यायला हवं.

मोठी मदत मागणाऱ्या परदेशी मुलासाठी अमेरिकन कॉलेजांचे दोन प्रकार पडतात. काही ‘नीड-ब्लाइंड’ आहेत, म्हणजे प्रवेश ठरवताना तुम्ही पैसे मागितलेत की नाही हे बघत नाहीत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमाउथ, बोडन आणि २०२५ मध्ये आलेल्या तुकडीपासून ब्राउन. बाकीची बहुतेक सगळी, कॉर्नेलसकट, ‘नीड-अवेअर’ आहेत. परदेशी मुलांच्या मदतीची त्यांची थैली ठरलेली असते आणि तुमची मागणी जेवढी मोठी, तेवढा तुमचा अर्ज अवघड. एरवी मी तुम्हाला सरळ सांगितलं असतं की ब्राउन किंवा डार्टमाउथचा विचार करा. पण तुमच्या लेकीने द्राक्ष धरलं आहे. कॉर्नेलच्या कृषी महाविद्यालयात द्राक्षशेती आणि वाइनशास्त्र अशी स्वतंत्र पदवी आहे (आजोबांना ‘द्राक्षशेती’ एवढंच सांगितलंत तरी चालेल) आणि न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा गावातलं त्यांचं संशोधन केंद्र १८८० पासूनचं आहे. ब्राउन किंवा ॲमहर्स्टमध्ये हा विषयच नाही. त्यामुळे तिची पहिली पसंती खरी आहे. ‘आयव्ही लीग (हार्वर्ड, कॉर्नेल अशी आठ नामांकित विद्यापीठं) हवी, कुठलीही चालेल’ म्हणणारी दहा मुलं येतात तेव्हा असा एखादा अर्ज वाचायला मलाही बरं वाटतं.

कॉर्नेलच्या बाबतीत एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. रतन टाटा तिथले विद्यार्थी, आणि २००८ मध्ये टाटांच्या ट्रस्टने विद्यापीठाला ५ कोटी डॉलर दिले. त्यातली निम्मी रक्कम भारतीय विद्यार्थ्यांच्या पदवी शिक्षणासाठीच्या शिष्यवृत्तीला आहे. एका वेळी सुमारे २० मुलांना ती मिळावी असा बेत आहे. चार वर्षांच्या तुकड्यांत वाटून बघा म्हणजे स्पर्धेचा अंदाज येईल. तरीही भारतीय मुलासाठी कॉर्नेलची थैली इतर नीड-अवेअर कॉलेजांपेक्षा थोडी वेगळी आहे हे नक्की. तीही गरज पाहूनच मिळते, म्हणून मदतीचा अर्ज पूर्ण आणि वेळेत हवा.

आणि गरज म्हणजे तुम्हाला वाटते ती नव्हे. ती कॉलेज ठरवतं. त्यासाठी ‘सीएसएस प्रोफाइल’ नावाचा लांबलचक ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो आणि शेतकरी घराचं घोडं इथेच अडतं. दोन वर्षांपूर्वी असंच एक द्राक्षवालं कुटुंब माझ्यासमोर बसलं होतं. वडिलांनी वर्षाची मिळकत लिहिली, मग मालमत्तेचा रकाना आला आणि त्यांनी सहा एकरांची बाजारभावाने किंमत टाकली, तीही हायवेलगतच्या प्लॉटच्या दराने. स्क्रीनवरचा आकडा बघून ते स्वतःच हसले. ‘मॅडम, इतके श्रीमंत आम्ही कधी झालो?’ सातबारा काढून बघितला तर त्यावर आजोबा, दोन काका आणि आत्या. यांच्या वाट्याला दीड एकर येत होता, त्यावर सोसायटीचं कर्ज, आणि एका वर्षीच्या गारपिटीने बाग झोपलेली. ते सगळं दिसेनासं झालं होतं, दिसत होती फक्त जमीन. आम्ही हिश्शाप्रमाणे किंमत लिहिली, शेतीच्या दराने लिहिली, कर्ज दाखवलं. खुलाशाच्या जागी चार ओळी लिहिल्या: ही जमीन विकली तर मिळकतच बंद होते. फेरफार आणि सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर जोडलं, सीएकडून तीन वर्षांच्या उत्पन्नाचं पत्र घेतलं. आयकर विवरणात शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून वेगळं दिसतं, अमेरिकेतल्या माणसाला त्याचा अर्थ लागत नाही, तोही सांगावा लागतो. यात खोटं काही नाही. खरं आहे ते त्यांच्या फॉर्मच्या भाषेत मांडावं लागतं, इतकंच.

तुम्हीही भरू शकाल तो आकडा लिहा. २५ म्हणजे २५. अर्ज भारी दिसावा म्हणून ४० लिहायचा मोह होतो, घरातला एखादा मामा तसं सुचवतोही. मग डिसेंबरात पत्र येतं, कॉलेजने तुमचेच ४० धरून मदत दिलेली असते, आणि ‘झेपत नाही’ म्हणायला तोंड राहत नाही. वेळेचाही विचार करा. ईडीत प्रवेश मिळाला तर पुढच्या काही आठवड्यांतच होकार कळवून अनामत भरावी लागते. तुमची द्राक्षं तेव्हा वेलीवरच असतात, माल निघणार फेब्रुवारी-मार्चमध्ये. भाव कळायच्या आधी शब्द द्यायचा आहे. व्यापारी बाग बघायला येतो तेव्हा एकालाच फोन करून ‘तुम्ही म्हणाल तो दर’ असं तुम्ही म्हणत नाही. ईडीत मात्र काहीसं तसंच म्हणावं लागतं. म्हणून दराची खालची मर्यादा आधी घरात ठरलेली असावी: कॉलेजने वर्षाला अमुक हजार डॉलरपेक्षा कमी मदत दिली तर आपण नाही म्हणणार. तो आकडा कागदावर लिहा, मुलीसमोर लिहा. डिसेंबरच्या त्या पहाटे रडारड असते, तेव्हा नवा आकडा ठरत नाही.

पहाट म्हणाले ती खरीच. अनेक कॉलेजांचे निकाल तिकडच्या संध्याकाळी ७ वाजता लागतात, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात.

आता तुमच्या ज्युनियर कॉलेजचं बघू. हा भाग कोणी सांगत नाही आणि ऑक्टोबरमध्ये सगळा गोंधळ इथेच होतो. अमेरिकन कॉलेजांना नववी ते बारावी अशा चार वर्षांचे गुण लागतात. आपल्याकडे नववी-दहावी एका शाळेत, अकरावी-बारावी दुसरीकडे. म्हणजे दोन ऑफिसं, दोन शिक्के, दोन क्लार्क. नववीची गुणपत्रिका बऱ्याच घरांत सापडत नाही, ती आत्ताच शोधा. बारावीचे अंदाजित गुण, मुख्याध्यापक किंवा प्राचार्यांचं पत्र, शाळेची माहिती देणारं पानभर टिपण (शंभरात ८५ म्हणजे तुमच्या कॉलेजात काय, हे त्यात यायला हवं) आणि दोन शिक्षकांची शिफारसपत्रं लागतात. स्टेट बोर्डाच्या कॉलेजात समुपदेशक नसतो, ते काम प्राचार्य किंवा उपप्राचार्य करतात. कॉमन ॲप त्यांना ईमेल पाठवतं आणि ते स्पॅममध्ये जाऊन पडतं.

एका मुलाच्या प्राचार्यांनी ईडीच्या करारपत्रावर सही करायला साफ नकार दिला होता. मुलगा रडकुंडीला आला, मी स्वतः गेले. सर म्हणाले, ‘हे बंधनकारक आहे असं लिहिलंय. संस्था कोणाच्या बॉण्डवर सही करत नाही. उद्या पोरगा गेला नाही तर आम्ही पैसे भरायचे का?’ मी ते पान मराठीत वाचून दाखवलं. सही एवढीच की विद्यार्थ्याला नियम समजावून सांगितले आहेत आणि प्रवेश मिळाल्यावर कॉलेज त्याचे कागद दुसरीकडे पाठवणार नाही. सरांनी चहा मागवला आणि सही केली. पण त्यात आमचे चार दिवस गेले. तुम्ही हे पान सप्टेंबरातच प्राचार्यांना दाखवून ठेवा.

दिवाळीचंही भान ठेवा. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन नेमकं १ नोव्हेंबरला आलं होतं, कॉलेजांची ऑफिसं कुलूपबंद. आणि तुमच्याकडे तर तेव्हा ऑक्टोबर छाटणीची धांदल, घरात कोणाला फॉर्म बघायला वेळ नसतो. म्हणून माझ्याकडच्या मुलांची तारीख मी १० ऑक्टोबर धरते. कॉमन ॲपची अंतिम वेळ तुमच्या गावच्या घड्याळाप्रमाणे रात्री ११.५९ असते, अमेरिकेच्या नाही. ‘तिकडे अजून दिवस उजाडायचाय’ या भरवशावर एकाचा अर्ज माझ्या डोळ्यांदेखत गेला. कॉर्नेलला आता एसएटी किंवा एसीटीचे गुण पुन्हा लागतात. ईडीसाठी ऑक्टोबरची परीक्षा शेवटची समजा, ऑगस्टची दिलेली बरी.

निबंधाबद्दल एकच. ‘लहानपणापासून मला शेतीची आवड’ असं तिने लिहू नये. तुमच्याकडे बाग थॉम्पसनची असेल, खुंट डॉगरिजचं असेल, छाटणीनंतर फूट कशी निघते आणि एका अवकाळीने काय होतं हे तिने बघितलं आहे. तेच लिहावं. आणि एक अवघड प्रश्न तिने स्वतःला विचारावा. कॉर्नेल भोवतालचा प्रदेश कडाक्याच्या थंडीचा आहे, तिथल्या बागा हिवाळ्यात गोठतात. नाशिकच्या हवेला कॅलिफोर्नियातलं डेव्हिस जास्त जवळचं, आणि तिथेही हाच विषय पदवीला आहे. मग कॉर्नेलच का? याचं उत्तर तिच्याकडे असेल तर अर्ज उभा राहील. डेव्हिसला ईडी नाही. परदेशी मुलांना तिथे मदत जवळजवळ नसते, आणि अर्जाची मुदत नोव्हेंबर संपतासंपता येते, म्हणजे ईडीच्या निकालाआधी. तेवढी तूट भरून निघणार नसेल तर तिथे फी भरून अर्ज करू नका.

ईडीत तीन गोष्टी होऊ शकतात. प्रवेश, नकार, किंवा ‘डिफर’, म्हणजे अर्ज नेहमीच्या फेरीत ढकलणं. डिफर झालं की बंधन संपतं. नकार आला तर त्या वर्षी तिथे पुन्हा अर्ज नाही, पण दुसऱ्या कॉलेजांची ईडी-टू नावाची जानेवारीतली बंधनकारक फेरी असते. तुमच्या विषयात तिचा उपयोग नाही, म्हणून सोडून देते. उरलेले सहा-सात अर्ज मात्र १० डिसेंबरपर्यंत पूर्ण लिहून ठेवायचे, पाठवायचे नाहीत. निकालानंतर नेहमीच्या फेरीच्या मुदतीपर्यंत जेमतेम दोन-तीन आठवडे असतात आणि खचलेलं मूल त्या दिवसांत चांगलं लिहू शकत नाही. प्रवेश मिळाला पण मदत कमी आली, तर लगेच नकार देऊ नका. मदत विभागाला लिहा, राहिलेले कागद द्या, फेरविचार मागा. तरीही जमलं नाही तर करारातून मोकळं केल्याचं त्यांच्याकडून लेखी घ्या आणि मगच दुसरीकडचे अर्ज पाठवा.

तर माझं मत. तिच्या ‘कॉर्नेलच का’ला धड उत्तर असेल, तर ईडीने अर्ज करा, मदत मागून करा, २५ लाखच लिहून करा. शक्यता कमी आहे हे गृहीत धरा. सोबत एमएचटी-सीईटीचा अभ्यास सोडू नका. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या कॉलेजांतून बी.एस्सी. करायचं, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांकडून काही शिकायचं आणि मास्टर्सला, पीएचडीला बाहेर जायचं, ही वाट स्वस्त आहे आणि आपल्याकडची कितीतरी मुलं त्याच वाटेने गेली आहेत. ईडी-बिडी न करता.

येत्या रविवारी नवऱ्याला बागेतून तासभर वर बोलवा, सातबारा आणि गेल्या तीन वर्षांच्या द्राक्षविक्रीच्या पट्ट्या टेबलावर मांडा आणि खालची मर्यादा ठरवा. आकडा ठरला की मला कळवा, सीएसएसचा फॉर्म कसा भरायचा ते मग एकेक रकाना घेऊन बघू.